चकतीवरची पंगत

आमच्या भांडुपच्या घराच्या खिडकीला, ग्रिलच्या बाहेर, वाया गेलेल्या डीव्हीडी दोऱ्याने टांगल्यात. त्यांना कबुतरं घाबरतात म्हणे. कुणी सांगितलं कोण जाणे. आमची कबुतरं त्यात तोंड बघतात आणि मग निवांत हगतात. पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये ही पद्धत आहे, आणि अख्ख्या बिल्डिंगला वाया गेलेल्या चकत्या पुरवल्या त्या मी. एके काळी आमच्या विंगमध्ये डीव्हीडी राइटरवाला कॉम्प्युटर फक्त आमच्याकडे होता. लोकांची बारशी, साखरपुडे, पोरांचे गॅदरिंगचे नाच, सगळं माझ्या हातून चकतीवर चढलं. बाकीच्या बायकांना जिन्यात लोणच्याची रेसिपी विचारायचे, मला विचारायचे, "ताई, पोराची मुंज फायनल झाली का?" म्हणजे मुंज नाही, चकती.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले, चकत्या मेल्या आणि मी रिटायर झाले. राइटर माळ्यावर गेला. तो परत खाली काढावा लागला सासूबाईंच्या हट्टापायी.

झालं असं की आमच्या पोरीचं लग्न लातूरला ठरलं. मुलाकडचे तिकडचे, आमचं मूळ गावही तिकडचंच, म्हणून सगळ्यांना सोयीचं. आणि लग्नाला आठवडा राहिला असताना आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोरीत घसरल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, खाटेवर पडल्या. हॉल बुक, पत्रिका वाटलेल्या, आता काय करणार? नात रडत बसली, तर आई तिलाच ओरडल्या, "तुझं लगीन हाय का माझं? जा गपचूप." घरात एक बाई ठेवून आम्ही लातूर गाठलं.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तो आला होता?"

तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, नवऱ्याचे मामा. राहायला वाकोल्यात. भांडुप ते वाकोला, काय ते अंतर! पण या दोघांत बोलणं नव्हतं ते माझ्या लग्नापासून. तेव्हा स्टेजवर माइकवर आहेर पुकारत होते, आणि माइकवाल्या शहाण्याने सख्ख्या मामाचा आहेर पुकारला शेजाऱ्यांच्या मागून. झालं! मामा ताटावर बसले होते ते उठले, आणि न जेवता गेले. मी स्टेजवर हाराच्या ओझ्याने वाकून घाम पुसत होते, मला वाटलं कुणाला तरी पोटात कळ आली. आमच्याकडे माणूस चिडून बोलला तर चालतं, शिव्या दिल्या तरी चालतं, पण मांडवातून न जेवता गेला की संपलं. आई म्हणाल्या, अन्नावर राग काढला. मामा म्हणाले, मान नाही तिथं घास नाही. तेव्हापासून हे दोघं मयतीला समोरासमोर आले तरी एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे बघायचे. मयतीला जेवण नसतं, तेवढंच बरं होतं.

"आला होता ना आई," मी म्हणाले. "आहेर दिला. पाठीवर हात ठेवला पोरीच्या."

"हं," म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस."

आता यात त्यांची चूक नव्हती. ऑपरेशनच्या वेळी अख्ख्या खानदानाने त्यांना सांगितलं होतं, अजिबात दुखणार नाही. तेव्हापासून आमच्या शब्दाला त्यांच्या लेखी कवडीची किंमत नव्हती.

मी फोन पुढे केला. क्लिप होती ना माझ्याकडे! त्यांनी फोनकडे बघितलंच नाही. त्याला कारण आमची पोरगी. लग्नाच्या आधी तिने कुठल्याशा ॲपमध्ये आजोबांचा फ्रेममधला फोटो घालून तो हलवून दाखवला होता. गेलेले सासरे फोनमध्ये डोळे मिचकावून गोड हसले. आईंनी फोन खाटेवर आपटला. "जन्मात हसला न्हाई हा माणूस," म्हणाल्या, "आणि आता मेल्यावर हसतोय?" त्या दिवसापासून फोनवरचं सगळं खोटं. लॅपटॉप म्हणजे मोठा फोन, तोही खोटा. हॉलमधला नवा टीव्ही फोनला जोडतात, म्हणजे तोही त्याच टोळीतला. खरी फक्त एक गोष्ट, त्यांच्या खोलीतल्या डब्बा टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर. तो सासऱ्यांनी स्वतः आणलेला. त्याच्या रिमोटवर चालू करायला आणि थांबवायला एकच बटण, त्याला आईंनी लाल नेलपॉलिश लावलंय. तेवढं एक बटण त्यांना येतं आणि पुरतं.

"चकतीवर दाखव," म्हणाल्या. "चकती खोटं बोलत न्हाई."

फोटोग्राफरने पेनड्राइव्ह दिला होता. त्याला फोन करून डीव्हीडी मागितली तर तो असा हसला की जणू मी त्याच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह मागितला. मग नवरोबा पुढे सरसावले. "त्यात काय एवढं? मी करतो." माळ्यावरून राइटर काढला, धूळ झटकली, शिंकले, माझ्या जुन्या गठ्ठ्यातली कोरी चकती घातली आणि लग्नाची फाइल उचलून तिच्यावर टाकली, सरळ, जशीच्या तशी. प्लेअरने चकती आत घेतली, खर्र खर्र केलं, आणि म्हणाला, नो डिस्क.

"खराब झालाय प्लेअर," नवरा म्हणाला.

"प्लेअर नाही, डोकं," मी म्हणाले. "अरे, त्याला ही फाइल कळत नाही. त्याच्या काळातल्या भाषेत करून द्यावी लागते आधी. कन्व्हर्ट! मग चढवायची."

"मग आधी नाही सांगायचं?"

ती चकती ग्रिलला गेली. कबुतरांची सोय झाली.

मी बसले मग. खरं सांगू? मजा आली यार. इतक्या वर्षांनी ते सॉफ्टवेअर उघडलं, तर बोटांना सगळं आठवत होतं. पण मोठी पंचाईत ही की त्या फोटोग्राफरने लग्न सिरीयलसारखं लांबवलं होतं. एका चकतीवर दोनेक तासांचा माल नीट बसतो. त्याहून जास्त कोंबलं की चित्र फुटतं, नवरी आणि खुर्ची एकसारखी दिसायला लागते. म्हणजे कापाकापी आली, आणि कापायला मला कुणी शिकवायला नको.

वंदना ठेवली. त्रिसरण, पंचशील ठेवलं. बौद्धाचार्यांचं भाषण लांब होतं, पण ते कापलं असतं तर आईंनी मला कापलं असतं. आहेराच्या रांगेतून मामांचा तुकडा नेमका शोधून ठेवला. काठी टेकत स्टेज चढतात, पाकीट देतात, पोरीच्या पाठीवर हात ठेवतात, सगळं स्वच्छ. आणि जेवणाचा भाग? तो मी एका झटक्यात उडवला. लोकांना खाताना शूट करायची ही पद्धत ज्याने काढली, त्याला एकदा मला भेटायचंय. तोंडात घास असताना डोळ्यांवर भगभगीत लाइट मारतात आणि वर म्हणतात, हसा. त्यात मी होते, पुरीचा अख्खा तुकडा गालात धरून, घूस दिसत होते. माझी ती छबी चकतीवर अजरामर करायला मी काय वेडी आहे?

कन्व्हर्ट व्हायला दुपार गेली. मग सगळ्यात कमी स्पीडवर चढवली, कारण घाईत चढवलेली चकती जुन्या प्लेअरवर अडकते. पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघितली. मार्करने वर पोरीचं नाव लिहिलं आणि आईंना नेऊन दिली. म्हणाल्या, "तू जा." मी दाराबाहेर उभी राहिले, तो माझा हक्कच होता.

वंदना झाली. भाषण झालं. मग स्टेजवरचं संगीत वाजलं आणि थांबलं. मी डोकावले. मामा पाठीवर हात ठेवून थिजले होते आणि आई पुढे वाकून बघत होत्या.

"काय म्हातारा झालाय मेला," म्हणाल्या. "काठी कधी आली ह्याला?"

मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. त्यांनी बटण दाबलं, चकती पुढे चालली. पाठवणी झाली, पोरगी रडली, मी रडले, नवरा गाडीच्या डिकीशी झटला, आणि संपलं.

"जेवण कुठाय?" आईंनी विचारलं.

"कसलं जेवण?"

"लग्नातलं जेवण गं! तो जेवला का न्हाई?"

मला खरंच माहीत नव्हतं. नवरीची आई म्हणजे काय असते लग्नात? मी त्या दिवशी स्वतः काय खाल्लं तेही मला त्या व्हिडिओवरून कळलं.

"ते मी कापलं आई. जागा नव्हती."

आईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दूध नासवलंय. "सगळं ठेवलंस," म्हणाल्या. "भाषण ठेवलंस. माझ्या लेकाचं ढुंगण डिकीत घातलेलं ठेवलंस. आणि नेमकं जेवणच कापलंस?" मग तोंड भिंतीकडे केलं. "न्हाई जेवला तो. न्हाई जेवला म्हणून कापलंस."

वाट लागली! आता काहीही बोलले तरी ते खोटंच. संध्याकाळी त्यांनी ताट परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालायचा व्यायाम होता, तोही केला नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी हात हलवत परत गेली. खुबा मोडल्यावर ज्या बाईने हूं की चूं केलं नव्हतं, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी इकडे चिडले, तिकडे चिडले, नवऱ्यावर विनाकारण दोनदा डाफरले, आणि मग पेनड्राइव्ह परत लावला.

आख्खी पंगत बघितली. मुलाकडची माणसं बघितली, आमची बघितली, कुणाचे कोण ते अजून कळलं नाही अशीही बघितली. एक काका होते, ते प्रत्येक शॉटमध्ये जेवत होते, शर्टसुद्धा तोच. मामा एकदा दिसले. हातात ताट, शेवटच्या ओळीत खुर्चीवर. लाइट तोंडावर आला तसा त्यांनी हात आडवा धरला, आणि कॅमेरा गेला पुढे! मी फोटोग्राफरच्या नावाने जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताट हातात असणं म्हणजे जेवणं नव्हे. आईंना घास दिसायला हवा होता.

मला स्वतःलाच धास्ती बसली. समजा, नसले जेवले तर? ताट खुर्चीखाली सरकवून गेले असतील तर? पोरीच्या लग्नातही तेच झालं असेल, तर हे मी त्या खाटेवरच्या बाईला कुठल्या तोंडाने सांगू? एरवी मी या दोघांच्या मानपानाची घरभर नक्कल करायचे. त्या दिवशी नक्कल सोडून व्हिडिओ पुढे ढकलत बसले.

मग सापडले. मुलाची आत्या कॅमेऱ्याला उखाणा ऐकवत होती, ऐन तिच्या खांद्यामागे. मामांना वाटत होतं, आपल्याकडे कुणी बघत नाहीये. काठी मांडीला टेकवलेली, मान खाली, आणि माणूस मन लावून जेवत होता. वांग्याची भाजी पुरीने निपटली. बुंदी संपवली. वाढप्याला बोलावून परत घेतली. आणि मग बोटाने ताट पुसून बोट चाटलं.

मी एकटीच ओरडले, "जेवले!" शेजारची बाई दार उघडून विचारायला आली, कोण जेवलं.

जेवणाची मी वेगळी चकती केली, एकही चेहरा न कापता, माझा घुशीचासुद्धा ठेवला. काही कापलं असतं तर आईंनी परत अविश्वास ठराव आणला असता. प्लेअरमध्ये घातली आणि या वेळी खाटेवर त्यांच्या शेजारीच बसले. आत्या आली तशी म्हणाले, "आई, हिला सोडा. हिच्या मागे बघा."

त्यांनी बघितलं. बटण दाबलं, थांबवलं, परत चालू केलं. मागे न्यायला त्यांना येत नाही, ते मी केलं. परत बघितलं.

"बुंदी परत घेतली," म्हणाल्या.

"हो ना."

"ल्हानपणी माझ्या ताटातली उचलायचा." आणि मग त्या रडल्या, मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. मी पण रडले. टीव्हीवर आत्याचा उखाणा चालूच होता.

डोळे पुसले आणि बाईंनी पुढची ऑर्डर सोडली. "आता मला घाल."

"कुठे?"

"चकतीत. त्याच्या शेजारी. तो जेवला, मी कुठं जेवले? माझ्या नातीच्या लग्नात मी उपाशीच."

"आई, तुम्ही लग्नात नव्हता. हे खोटं नाही का होणार? फोनवाल्यांसारखं?"

"मी खरी हाय," म्हणाल्या, "बुंदी खरी हाय, घास खरा हाय. खोटं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी मी वांग्याची भाजी केली, पुऱ्या तळल्या, नवऱ्याने कोपऱ्यावरून बुंदी आणली. लग्नासाठी घेतलेली आणि घडी न मोडलेली साडी आईंनी नेसली. पाठीला उशा लावून बसवलं, मांडीवर ताट दिलं आणि मी ज्या खोट्या फोनवर त्यांचा विश्वास नव्हता त्याच फोनने शूट केलं. आधी त्या आधार कार्डावरच्या फोटोसारख्या बघत बसल्या. म्हटलं, आई, जेवा की. मग जेवल्या. भाजी खाल्ली, बुंदी खाल्ली, आणि घास गिळून कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मी पण जेवले रे. आता एकदा घरी येऊन जेव. सुनेच्या हाताला मीठ कमी असतंय, पण जेव."

ते मिठाचं मला कापता आलं असतं. नाही कापलं. तसंच मामांच्या बोट चाटण्याला लागून जोडलं, कन्व्हर्ट केलं, हळू स्पीडवर चढवलं, शेवटपर्यंत तपासलं आणि नवऱ्याच्या हाती वाकोल्याला पाठवलं. मामांनी चकती दारातच घेतली म्हणे. "बरं," म्हणाले. प्लेअर आहे का विचारलं, तर "हाय," म्हणाले. बस.

मग काहीच नाही. आईंचा बटणांचा फोन उशाशी असायचा, तो पोटावर आला. मोबाइल कंपनीचा फोन आला तरी दचकून उचलायच्या. मी म्हटलं, आई, घाई नका करू, बघतील. तर म्हणाल्या, "मला कसली घाई? खुबा जुळंपर्यंत हाय मी हितंच." पण वॉकर धरून रोज चालायला लागल्या, आणि चालायच्या ते दारापर्यंत.

एका दुपारी फोन वाजला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे अख्ख्या घराने ऐकलं.

"आक्का," पलीकडून आवाज आला. "तुझी चकती अडकते."

"कुठं अडकते?"

"तू घास गिळतीस, माझ्याकडं बघतीस, आणि तिथंच अडकते. काय म्हणतीस ते कळंना."

"घरी ये जेवायला, म्हणते."

"मग तसं सांग की," मामा म्हणाले. "येतो रविवारी."

आईंनी फोन ठेवला आणि मला बुंदीची आठवण करून दिली. पण माझा पारा चढला होता. माझी चकती? अडकते? अरे, विंगमधल्या प्रत्येक घराला विचारा, माझी चकती कधी अडकली का! मी नवऱ्याला म्हटलं, रविवारी ती चकती घेऊन यायला सांग, मला बघायचीच आहे.

रविवारी मामा आले, काठी टेकत, सोबत त्यांची सून. चकती स्वच्छ रुमालात गुंडाळून आणली होती. मी उजेडात धरून बघितली, एक ओरखडा नाही. मामा खुर्चीवर बसले, आई खाटेवर, दोघंही पंख्याकडे बघत होते. स्वयंपाकघरात त्यांच्या सुनेने माझा हात धरला आणि हसू दाबत म्हणाली, "ताई, कुठली अडकतेय! रोज लावतात. तुमच्या मिठाचा डायलॉग आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालाय."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे चकती चांगली होती. आणि मग लगेच घाबरले, कारण बाहेरून आईंची हाक आली, "लाव गं ती, बघू कुठं अडकते."

आता नाही कशी म्हणू? लावली. आत्या आली, तिच्या मागे मामा जेवले, बोट चाटलं. प्रत्यक्षातले मामा काठीच्या मुठीकडे बघायला लागले. मग साडी नेसलेल्या आई आल्या. भाजी खाल्ली. बुंदी खाल्ली. घास गिळला, मान वर केली.

आणि थांबलं.

मी प्लेअरकडे बघितलं. मग आईंकडे. रिमोट त्यांच्या पदराखाली होता आणि अंगठा लाल बटणावर.

"हितंच अडकते ना रे?" त्यांनी विचारलं.

मामांनी टीव्हीकडे बघितलं, मग बहिणीकडे. "व्हय आक्का," म्हणाले. "हितंच."

"बघ, आमच्याकडं पण अडकते," आई म्हणाल्या. "जाऊ दे. वाढ गं."

मी वाढलं. मामांनी बुंदी दोनदा घेतली, आणि भाजीला वरून मीठ मागून घेतलं.